रहस्यकथा व रहस्यकथाकार

रहस्यकथा व रहस्यकथाकार : गुन्हा, त्यातून निर्माण होणारे गूढ आणि बुद्धीच्या साहाय्याने होणारी त्या गूढाची उकल यांभोवती रचलेल्या कथा-कादंबऱ्यांस सामान्यतः ‘रहस्यकथा’ ही संज्ञा लावली जाते. उकल करणारी व्यक्ती व्यवसायाने वा वृत्तीने गुप्तहेर असल्यास अशा कथेस ‘गुप्तहेरकथा’ असेही म्हणतात. भयकथा, साहसकथा आणि हेरगिरीच्या कथा हे तिचे निकटचे नातलग होत. परंतु वाचकाला पुरावा दाखवूनही उत्तर मात्र अखेरपर्यंत लपवून ठेवणे, हा रहस्यकथेचा खास विशेष होय. या प्रकाराचा वाचकवर्ग अफाट असला, तरी त्याच्या लेखकांना साहित्येतिहासात दीर्घकाळ दुय्यम स्थान मिळाले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी उपजीविकेसाठी लेखन केले. त्यामुळे मासिकांचे मानधन, प्रकाशकांचे करार आणि वाचकांची मागणी यांचा ठसा त्यांच्या लेखनाच्या घडणीवर स्पष्टपणे उमटलेला दिसतो.

उगम : कूटप्रश्न व चातुर्यकथा सर्वच प्राचीन वाङ्‌मयांत आढळतात. तथापि आधुनिक रहस्यकथेला एकोणिसाव्या शतकातील तीन घटना कारणीभूत झाल्या : संघटित पोलीसदलाचा उदय, साक्षरतेचा प्रसार आणि स्वस्त नियतकालिके. फ्रान्समध्ये व्हीदॉक (१७७५–१८५७) या एकेकाळच्या गुन्हेगाराने पॅरिसच्या गुप्त पोलीसखात्याचे नेतृत्व केले व १८२८ पासून आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. लंडनच्या पोलीसदलात गुप्तहेरांची शाखा १८४२ मध्ये स्थापन झाली. गुन्हेगाराचा माग काढणारा पगारी मनुष्य ही व्यक्तिरेखा अशा रीतीने समाजात प्रथम अवतरली आणि मग साहित्यात आली.

रहस्यकथेचा जनक म्हणून अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो (१८०९–४९) याचे नाव घेतले जाते. त्याचे आईवडील नट होते. बालपणीच पोरका झालेला पो रिचमंड येथील एका व्यापाऱ्याच्या घरी वाढला, पण पुढे त्या घराशीही त्याचे बिनसले. फिलाडेल्फियातील ग्रॅहॅम्स मॅगझीनचा संपादक असताना एप्रिल १८४१ च्या अंकात त्याने ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ ही कथा प्रसिद्ध केली. तिच्याबद्दल त्याला ५६ डॉलर मिळाले. तर्कनिष्ठ पण विक्षिप्त हेर, त्याच्या बुद्धीने थक्क होणारा निवेदक मित्र, आतून बंद असलेली खोली आणि पोलिसांचे अपयश हे नंतरच्या लेखकांनी शेकडो वेळा वापरलेले घटक या एकाच कथेत आढळतात. ‘द मिस्टरी ऑफ मारी रोझे’ (१८४२–४३) या कथेत त्याने न्यूयॉर्कमधील एका तरुणीच्या खऱ्याखुऱ्या मृत्यूचे गूढ वृत्तपत्रांतील मजकुराच्या आधारे उकलण्याचा प्रयत्न केला. ‘द पर्लॉइन्ड लेटर’ (१८४४) या कथेत तर खूनच नाही : सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवलेली वस्तू कोणाला दिसत नाही, एवढ्या एका कल्पनेवर ती उभी आहे. पत्नीच्या क्षयाने खचलेला पो वयाच्या चाळिसाव्या वर्षी दारिद्र्यातच बॉल्टिमोर येथे मरण पावला. त्याच्या स्वतःच्या मृत्यूचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही.

फ्रान्समध्ये एमील गाबोर्यो (१८३२–७३) याने लकॉक हा पोलीस-हेर लोकप्रिय केला. इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकिन्झचा मित्र विल्की कॉलिंझ (१८२४–८९) याने द मूनस्टोन (१८६८) ही कादंबरी डिकिन्झच्या साप्ताहिकातून क्रमशः लिहिली. हिंदू देवतेच्या मूर्तीवरील हिरा १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत एक इंग्रज अधिकारी पळवितो, हा तिचा प्रारंभ. साम्राज्याच्या सरहद्दीवर केलेला गुन्हा इंग्रज कुटुंबाच्या दिवाणखान्यात परत येतो, हे सूत्र पुढे इंग्रजी रहस्यकथेत वारंवार आढळते. संधिवाताच्या वेदना सहन करण्यासाठी कॉलिंझ अफूचा अर्क घेत असे. या कादंबरीतील रहस्याची किल्लीही अफूमध्येच दडलेली आहे.

आर्थर कॉनन डॉइल (२२ मे १८५९–७ जुलै १९३०) : एडिंबरो येथे जन्मलेल्या डॉइलने तेथील विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली (१८८१). त्याचे शिक्षक डॉ. जोसेफ बेल हे रुग्णाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याची चाल, हात व पोशाख यांवरून त्याचा व्यवसाय ओळखीत. शेरलॉक होम्सच्या निरीक्षणपद्धतीचा आदर्श हाच. पोर्ट्‌स्मथजवळील साउथ्‌सी येथे डॉइलने दवाखाना थाटला. रुग्णांची वाट पाहण्यात जाणारा वेळ तो लेखनात घालवी. होम्सची पहिली कादंबरी अ स्टडी इन स्कार्लेट (१८८७) अनेकांनी नाकारल्यावर अखेर एका प्रकाशकाने तिचे सर्व हक्क केवळ २५ पौंडांना विकत घेतले. दुसऱ्या कादंबरीत (द साइन ऑफ फोर, १८९०) १८५७ च्या उठावाच्या काळातील आग्र्याच्या खजिन्याची कथा आहे. तिच्यातील अंदमानी माणसाचे चित्रण मात्र तत्कालीन वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांनी डागाळलेले आहे.

जुलै १८९१ पासून स्ट्रँड मॅगझीनमध्ये होम्सच्या लघुकथा येऊ लागल्या आणि डॉइलचे नशीब पालटले. एकच नायक, पण दर अंकात पूर्ण होणारी स्वतंत्र कथा, ही त्याची योजना आगगाडीने प्रवास करणाऱ्या वाचकांच्या सोयीची ठरली. एखादा अंक चुकला, तरी पुढच्या अंकात वाचकाला अडखळावे लागत नसे. कथा थांबवाव्यात या हेतूने त्याने बारा कथांचे एक हजार पौंड मागितले. मासिकाने ते तत्काळ मान्य केले. आपली कीर्ती ऐतिहासिक कादंबऱ्यांवर अवलंबून राहावी, अशी त्याची इच्छा होती व होम्समुळे ती झाकोळली जाते, अशी त्याची तक्रार होती. म्हणून डिसेंबर १८९३ च्या कथेत त्याने होम्सला स्वित्झर्लंडमधील राइखनबाख धबधब्यात लोटून दिले. वाचकांचा प्रक्षोभ मोठा होता. द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स (१९०१–०२) ही पूर्वकाळातील हकिकत लिहून त्याने काही काळ तडजोड केली. अखेर १९०३ मध्ये त्याला होम्सला पुन्हा जिवंत करावे लागले. होम्सविषयीच्या एकूण चार कादंबऱ्या व छप्पन्न कथा आहेत.

होम्सची पद्धती प्रत्यक्ष जीवनात लावून पाहण्याची संधी डॉइलला ज्या प्रकरणाने दिली, त्याचा संबंध मुंबईशी आहे. मुंबईत जन्मलेले शापूरजी एदलजी हे पारशी गृहस्थ ख्रिस्ती धर्म स्वीकारून इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशर परगण्यातील ग्रेट वर्ली येथे धर्मोपदेशक झाले. त्यांचा पुत्र जॉर्ज हा बर्मिंगहॅममध्ये वकिली करीत असे. गावात रात्री जनावरे कापण्याचे प्रकार सुरू झाले, तेव्हा निनावी पत्रे व गावकऱ्यांचा संशय यांचे लक्ष्य हेच कुटुंब ठरले. १९०३ मध्ये एका खाणीतील तट्टास जखमी केल्याच्या आरोपावरून जॉर्जला सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९०६ मध्ये, कोणतेही कारण न देता त्यास मुक्त करण्यात आले. पण गुन्हेगार हा शिक्का कायम असल्याने वकिलीचा मार्ग बंद झाला. डॉइल त्याला भेटावयास गेला, तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांना अगदी भिडवून वाचीत बसला होता. डॉइलने नेत्रवैद्यकाचाही अभ्यास केला होता. ज्याला काही हातांवरचा मनुष्य धड दिसत नाही, त्याने काळोख्या रात्री शेते व रूळ ओलांडून तट्टू शोधावे आणि पहाऱ्यावरील पोलिसांना चुकवून परतावे, ही गोष्टच असंभाव्य असल्याचे त्याच्या ध्यानी आले. जानेवारी १९०७ मध्ये त्याने डेली टेलिग्राफमध्ये लेख लिहून पुराव्यातील एकेक दुवा तपासला. मे महिन्यात सरकारने जॉर्जला माफी दिली. पण निनावी पत्रे त्यानेच लिहिली असावीत, असे म्हणून नुकसानभरपाई नाकारली. त्याला पुन्हा वकिली करता आली. चुकीच्या शिक्षेविरुद्ध दाद मागण्यासाठी इंग्लंडमध्ये स्वतंत्र न्यायालय नव्हते. या व अशाच अन्य प्रकरणांमुळे जागृत झालेल्या लोकमताच्या रेट्याने फौजदारी अपील न्यायालयाचा कायदा त्याच वर्षी संमत झाला. ऑस्कर स्लेटर या खुनाच्या आरोपाखाली १९०९ मध्ये दोषी ठरलेल्या मनुष्यासाठीही डॉइलने वर्षानुवर्षे खटपट केली. स्लेटरची शिक्षा १९२८ मध्ये रद्द झाली.

तर्काचा हा पुरस्कर्ता उत्तरायुष्यात परलोकविद्येचा कट्टर प्रचारक बनला. दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची बनावट छायाचित्रेही त्याने खरी मानली. निर्मात्याचा हा भोळेपणा त्याने होम्सला मात्र चिकटू दिला नाही.

इंग्रजी रहस्यकथेचे सुवर्णयुग : दोन महायुद्धांमधील कालखंडात इंग्लंडमध्ये रहस्यकथेला बुद्धिबळाच्या डावासारखे नियमबद्ध रूप आले. हेराला कळलेला प्रत्येक दुवा वाचकालाही कळला पाहिजे, योगायोगाने वा दैवी साक्षात्काराने उकल होता कामा नये, असे दंडक रोनल्ड नॉक्स या धर्मोपदेशक लेखकाने १९२९ मध्ये मांडले. पुढील वर्षी लंडनमध्ये लेखकांचा ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला. फादर ब्राउन या पाद्री-हेराचा निर्माता जी. के. चेस्टरटन (१८७४–१९३६) हा त्याचा पहिला अध्यक्ष होता.

या युगाची सर्वश्रेष्ठ लेखिका ॲगाथा ख्रिस्ती (१५ सप्टेंबर १८९०–१२ जानेवारी १९७६) ही होय. तिचा जन्म टॉर्की येथे झाला. पहिल्या महायुद्धात तिने रुग्णालयात प्रथम परिचारिका म्हणून व नंतर औषधालयात काम केले. औषधाच्या कपाटांमध्ये वावरताना विषांचे जे ज्ञान तिला लाभले, ते तिची आजन्म शिदोरी ठरले. बेल्जियन निर्वासित एर्क्यूल प्वारो हा नायक असलेली द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स (१९२०) ही पहिली कादंबरी अनेक प्रकाशकांकडून परत आली होती. तिच्यापासून लेखिकेला सु. २५ पौंडच मिळाले, शिवाय पुढील पाच पुस्तके त्याच प्रकाशकाला देण्याचे बंधन आले. द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड (१९२६) या कादंबरीतील अनपेक्षित शेवटाने वाचकांत वादळ उठविले. त्याच वर्षी आईच्या मृत्यूने व पतीच्या प्रेमप्रकरणाने विद्ध झालेली ख्रिस्ती ३ डिसेंबर रोजी घरातून नाहीशी झाली. अकरा दिवस देशभर शोध चालला. अखेर ती हॅरोगिट येथील एका हॉटेलात दुसऱ्याच नावाने राहत असलेली आढळली. या घटनेविषयी तिने आत्मचरित्रातही मौन पाळले. घटस्फोटानंतर १९३० मध्ये तिने पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन याच्याशी विवाह केला व त्याच्यासमवेत इराक आणि सिरियातील उत्खननांवर अनेक हंगाम काढले.

तिने ६६ रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस (१९३४) आणि अँड देन देअर वेअर नन (१९३९) या विशेष प्रसिद्ध आहेत. वृद्ध अविवाहित मिस मार्पल ही तिची दुसरी मानसकन्या. खेड्यातील माणसांचे स्वभाव पाहून जगातील कोणताही गुन्हा ओळखता येतो, अशी मार्पलची श्रद्धा. द माउसट्रॅप हे तिचे नाटक लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ रोजी रंगभूमीवर आले. २०२० मध्ये महामारीमुळे पडलेला खंड सोडल्यास त्याचे प्रयोग अव्याहत चालू राहिले आहेत. ख्रिस्तीच्या पात्रांना खोली नाही, हा आक्षेप अंशतः खरा आहे. परंतु वाचक काय गृहीत धरील, याचा तिच्याइतका अचूक अंदाज फार थोड्यांना होता. तिच्या औषधज्ञानाच्या काटेकोरपणाचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळाला. द पेल हॉर्स (१९६१) या कादंबरीत थॅलियमच्या विषबाधेची लक्षणे दिली आहेत. १९७७ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात निदान न होणाऱ्या एका बालकाची लक्षणे तीच असल्याचे ही कादंबरी वाचणाऱ्या परिचारिकेच्या ध्यानात आले आणि ते बालक वाचले.

डॉरथी सेअर्झ (१८९३–१९५७) ही ऑक्सफर्डची पदवीधर. जाहिरात-संस्थेत नोकरी करीत तिने लॉर्ड पीटर विम्झीच्या कादंबऱ्या लिहिल्या. गॉडी नाइट (१९३५) मध्ये स्त्रीने बौद्धिक सचोटी व संसार यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न रहस्यापेक्षाही महत्त्वाचा झाला आहे.

अमेरिकन वळण : इंग्लिश वाड्यांतील नीटनेटके खून अमेरिकेतील मद्यबंदीच्या काळातील टोळीयुद्धांपुढे कृत्रिम वाटू लागले. ब्लॅक मास्क या स्वस्त कागदावरील मासिकातून नव्या धाटणीची कथा पुढे आली. तिचा प्रवर्तक डॅशिअल हॅमेट (१८९४–१९६१) याने चौदाव्या वर्षी शाळा सोडली व पुढे पिंकर्टन या खाजगी हेरसंस्थेत नोकरी केली. गुन्हेगारांचा माग काढण्याचा स्वानुभव असलेला हा दुर्मिळ लेखक होय. सैन्यात जडलेल्या क्षयामुळे कष्टाची नोकरी अशक्य झाली, म्हणून तो लेखनाकडे वळला. रेड हार्व्हेस्ट (१९२९) व द मॉल्टीज फॉल्कन (१९३०) या कादंबऱ्यांत पोलीस, पुढारी आणि धनिक यांचे गुन्हेगारीशी असलेले लागेबांधे त्याने कोरड्या, कमीत कमी शब्दांच्या शैलीत उघडे केले. १९३४ नंतर त्याने एकही कादंबरी प्रसिद्ध केली नाही. एका नागरी हक्क संघटनेच्या जामीननिधीला देणगी देणाऱ्यांची नावे न्यायालयात सांगण्यास नकार दिल्याबद्दल १९५१ मध्ये त्याला तुरुंगवास घडला. आपल्या नायकांना त्याने जो बाणा दिला होता, तो त्याने स्वतःही पाळला. रेमंड चँडलर (१८८८–१९५९) तेलकंपनीतील मोठ्या हुद्द्यावरून १९३२ मध्ये बडतर्फ झाल्यावर पंचेचाळिशीत कथालेखक बनला. द बिग स्लीप (१९३९) आदी सात कादंबऱ्यांत त्याने लॉस अँजेल्स शहराला एका पात्राचीच योग्यता दिली.

बेल्जियममध्ये जन्मलेल्या जॉर्ज सिमनाँ (१९०३–८९) याने टोपणनावांनी सु. दोनशे बाजारी कादंबऱ्या लिहून हात बसविला आणि १९३१ पासून इन्स्पेक्टर मेग्रे याच्या ७५ कादंबऱ्या लिहिल्या. गुन्हा कोणी केला यापेक्षा तो करण्यापर्यंत एखादा सामान्य मनुष्य कसा येतो, हा मेग्रेचा प्रश्न आहे.

भारतीय रहस्यकथा : इंग्रजी शिक्षण व छापखाने यांबरोबर हा प्रकार भारतात आला. गोपालराम गहमरी यांनी १९०० मध्ये जासूस हे हिंदी मासिक काढले. उर्दूत इब्ने सफी (मूळ नाव असरार अहमद, १९२८–८०) यांनी १९५२ मध्ये अलाहाबादहून जासूसी दुनिया ही मालिका सुरू केली. त्याच वर्षी ते कराचीस गेले, पण त्यांची पुस्तके सीमेच्या दोन्ही बाजूंस वाचली जात राहिली. तीन वर्षांच्या मानसिक आजारानंतर १९६३ मध्ये ते पुन्हा लिहू लागले, तेव्हा दोन्ही देशांतील वाचक त्यांची वाट पाहत होते.

बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) यांनी १९३२ पासून ब्योमकेश बक्षी याच्या कथा लिहिल्या. ब्योमकेशला ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द रुचत नाही, तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवितो. तो विवाह करतो, बाप होतो, वयाने वाढतो. १९४६–४७ च्या कलकत्त्यातील दंगलीही त्याच्या कथेत येतात. शरदिंदूंचा महाराष्ट्राशी दीर्घ संबंध होता. १९३८ मध्ये ते बाँबे टॉकीजसाठी पटकथा लिहिण्यास मुंबईस आले, आणि १९५२ नंतर पुण्यात स्थायिक झाले. शिवकालीन महाराष्ट्रातील सदाशिव नावाच्या मुलाच्या साहसकथाही त्यांनी बंगाली बालवाचकांसाठी लिहिल्या. चित्रपटदिग्दर्शक सत्यजित राय (१९२१–९२) यांचा फेलुदा १९६५ मध्ये संदेश या बालमासिकात अवतरला. त्याच्या एका कथेत वेरूळच्या लेण्यांच्या परिसरात मूर्तिचोरांचा माग काढलेला आहे.

मराठीत गो. ना. दातार (१८७३–१९४१) यांनी रेनल्ड्झ या इंग्रजी लेखकाच्या कादंबऱ्यांची देशी रूपांतरे करून अद्भुत व रहस्यमय कथानकांची गोडी लावली. मात्र रहस्यकथा घरोघर पोचविली ती बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९०६–९६) यांनी. त्यांच्या पुस्तकांची संख्या एक हजारावर जाते. झुंजार, काळा पहाड, धनंजय व त्याचा साहाय्यक छोटू हे त्यांचे नायक. एडगर वॉलिस प्रभृती इंग्रजी लेखकांचे ऋण या कथांवर स्पष्ट आहे. पण त्यांतील मुंबई, तिचे रस्ते, मोटारी व अड्डे वाचकाच्या ओळखीचे होते. छोटी वाक्ये, संवादांचा भरणा, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ताणलेली उत्कंठा आणि अल्प किंमत यांमुळे नुकतेच वाचू लागलेल्या मुलांपासून गिरणीकामगारांपर्यंत सर्वांच्या हाती ही पुस्तके गेली. गल्लोगल्लीच्या खाजगी वाचनालयांचा तो मोठा आधार होता. एवढे असूनही समकालीन समीक्षेने त्यांची क्वचितच दखल घेतली. पुढील पिढीत गुरुनाथ नाईक (मृत्यू २०२१) यांनी विपुल रहस्यकथा लिहिल्या. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथेला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी रहस्यकथांकडून दुनियादारीसारख्या सामाजिक कादंबरीपर्यंत मजल मारली.

मूल्यमापन : रहस्यकथेवर मुख्यतः दोन आक्षेप घेतले जातात. ती ठराविक साच्याची असते आणि एकदा उलगडा झाला की ती पुन्हा वाचवत नाही. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन याने १९४५ मध्ये तिला वेळेचा अपव्यय ठरविले, तर कवी ऑडन याने १९४८ मध्ये निरागसतेच्या पुनःप्राप्तीची ओढ हे तिच्या आकर्षणाचे मूळ असल्याचे प्रतिपादन केले. साच्याचा आक्षेप विपुल लेखन करणाऱ्या अनेकांना लागू पडतो. दरमहा नवे पुस्तक देणाऱ्या लेखकाला पुनर्लेखनाची चैन परवडत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. उलट डॉइल, हॅमेट, सिमनाँ वा शरदिंदु यांचे उत्तम लेखन उलगडा ठाऊक असूनही वाचले जाते. त्यांत जतन झालेला काळ, शहर आणि माणसे यांसाठी वाचक परत येतो.

संशयावरून कोणालाही दोषी मानू नये, प्रत्येक विधानास पुरावा मागावा आणि प्रतिष्ठित मनुष्यही अपराधी असू शकतो हे विसरू नये, एवढी शिकवण रहस्यकथेने लाखो वाचकांना उपदेशाचा आव न आणता दिली. एदलजीला पुन्हा वकिली मिळवून देणारे लेख एका लोकप्रिय कथालेखकाच्या लेखणीतून उतरले, हे तिच्या सामर्थ्याचे एक द्योतक होय. मराठीत या प्रकारातील ग्रंथांची पद्धतशीर सूची, जतन व चिकित्सा यांची आवश्यकता आहे. हलक्या कागदावर छापलेली व हातोहात फिरलेली ही पुस्तके झपाट्याने नष्ट होत आहेत, आणि त्यांच्याबरोबर मराठी समाजाच्या वाचनसवयींचा एक महत्त्वाचा पुरावाही नाहीसा होत आहे.